चळवळीचे दप्तर एकाच बोटीत नको!

आंबेडकरी चळवळीचे दप्तर आज नेमके कुठे आहे? कोणत्याही तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळेल, "अमुक भाऊंच्या लॅपटॉपमध्ये." ॲट्रॉसिटीच्या फिर्यादींच्या स्कॅन केलेल्या प्रती, गायरानधारकांच्या याद्या, शिष्यवृत्ती अडकलेल्या मुलामुलींचे अर्ज, विहाराचा जमाखर्च, वीस वर्षांच्या जयंतीचे फोटो, धम्मपरिषदेतल्या भाषणांचे रेकॉर्डिंग, सगळे त्या एका यंत्रात. ते यंत्र उद्या चोरीला गेले, विजेच्या झटक्याने जळले किंवा भाऊच दुसऱ्या गटात गेले, तर तालुक्यातल्या चळवळीची स्मरणशक्ती एका दिवसात पुसली जाईल.

आपल्याकडे संविधानावर चर्चा होते, आरक्षणावर होते, गटबाजीवर तर रोज होते. संगणकातल्या माहितीची दुसरी प्रत कुणाकडे आहे, यावर होत नाही. हा विषय कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पोराचा आहे असे आपण धरून चाललो आहोत. आमचे म्हणणे असे की हा विषय संघटनेच्या कार्यकारिणीच्या बैठकीत यायला हवा, त्यावर ठराव व्हायला हवा आणि दर महिन्याला त्याचा हिशेब मागितला गेला पाहिजे. का, ते सांगतो.

बाबासाहेबांची पुस्तके समुद्रात गेली

१९१७ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. ते स्वतः एका बोटीने आले आणि त्यांची पुस्तके व सामान दुसऱ्या बोटीने निघाले. ती दुसरी बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. थॉमस कुक कंपनीकडून नुकसानभरपाईचे पैसे मिळाले, पुस्तके मात्र गेली ती गेलीच. पोटाला चिमटा घेऊन, एकेक करून जमवलेला तो संग्रह होता. भरपाईच्या पैशाने दुसरी पुस्तके विकत घेता येतात, पण वाचताना समासात केलेल्या खुणा आणि काढलेली टिपणे कुठल्या दुकानात मिळणार?

त्या काळात दुसरी प्रत करणे म्हणजे सगळे पुन्हा हाताने लिहून काढणे. तेव्हा उपाय नव्हता. आज पाच हजार पानांची दुसरी प्रत चहा होईपर्यंत तयार होते, आणि तरीही आपण सगळे सामान एकाच बोटीत भरतो.

पुढचा इतिहासही आठवावा. ६ डिसेंबर १९५६ नंतर बाबासाहेबांची अप्रकाशित हस्तलिखिते पेट्यांमध्ये बंद राहिली. आधी दिल्ली उच्च न्यायालयाच्या कस्टोडियनकडे, नंतर महाराष्ट्र शासनाच्या महाप्रशासकांच्या ताब्यात. ती प्रसिद्ध व्हावीत म्हणून नागपूरच्या एका वकिलांना न्यायालयात जावे लागले. शासनाच्या लेखन आणि भाषणे मालिकेचा पहिला खंड १९७९ साली निघाला, आणि पेट्यांतली महत्त्वाची हस्तलिखिते वसंत मून यांच्या संपादनाखाली १९८७ पासून वाचकांपुढे आली. तिसरा खंड उघडून पाहा. प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती या ग्रंथाची प्रकरणे अपूर्ण आहेत. जे सापडले ते छापले, जे सापडले नाही त्याबद्दल आपण आज फक्त अंदाज करतो.

आणि हा फक्त जुना इतिहास आहे असेही नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि त्याच आवारातला बुद्धभूषण प्रेस पाडण्यात आला. ज्या छापखान्याशी चळवळीच्या नियतकालिकांचा इतिहास जोडलेला होता, तो एका रात्रीत ढिगारा झाला. त्याविरुद्ध मोर्चा निघाला, हजारो लोक रस्त्यावर आले. मोर्चाने निषेध नोंदवता येतो, पण ढिगाऱ्याखाली गेलेला कागद मोर्चाने परत येत नाही.

आपल्यासाठी कागद म्हणजे काय

ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी कुलकर्णी-देशमुखांच्या दप्तरात सुखरूप आहेत, त्यांना एखादा कागद हरवल्याने फारसा फरक पडत नाही. आपल्याला पडतो. जात पडताळणी समितीपुढे उभ्या राहिलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. आजोबा शाळेत गेले असतील तर दाखल्यावर नोंद, नाहीतर जन्म-मृत्यूचा कोतवाल बुकातला उतारा. ज्या समाजाला शाळेच्या दाराबाहेर ठेवले, त्याच्याकडेच शाळेचा दाखला मागायचा, हा अन्याय आहेच. त्याविरुद्ध भांडूच. पण भांडताना हातात असलेला एकुलता एक उतारा दीमक किंवा करप्ट झालेला पेनड्राइव्ह खाऊन जाऊ नये, एवढी काळजी आपल्याच हातात आहे.

गायरानाचे तसेच. १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या अतिक्रमणाचा पुरावा असेल तर भूमिहीनाचा दावा उभा राहतो. हा पुरावा कुठून येतो? दंडाच्या पावत्या, गाव नमुना १-ई मधली नोंद, जुनी नोटीस, पंचनामा. म्हाताऱ्या माणसाने पत्र्याच्या पेटीत जपलेला तो कागद आपण कार्यकर्ते मोठ्या विश्वासाने मागून घेतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि तो फोटो व्हॉट्सॲपच्या हजारो "सुप्रभात"मध्ये हरवतो.

खटल्यांचा कालावधी पाहा. खैरलांजी २९ सप्टेंबर २००६ ला घडले. भंडाऱ्याच्या न्यायालयाचा निकाल २००८ मध्ये, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०१० मध्ये, आणि त्यानंतरही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते. देश हादरवून टाकणाऱ्या प्रकरणाची ही गत, तर आडगावच्या फिर्यादीला किती वर्षे लागत असतील याचा विचार करा. सर्वसाधारण हार्ड डिस्क पाच-सहा वर्षांनंतर कधीही दगा देऊ शकते. म्हणजे आपली न्यायाची लढाई यंत्राच्या आयुष्यापेक्षा लांब चालते. यंत्र बदलत जाईल आणि नोंद टिकून राहील अशी व्यवस्था केल्याशिवाय ही लढाई लढता येणार नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. आपल्याविषयीच्या नोंदी इतर लोकही ठेवतात. पोलीस ठाण्यात आपण "जमाव" असतो, वर्तमानपत्रात "तणाव" असतो, सरकारी अहवालात "लाभार्थी" असतो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. त्या वस्तीची बाजू जगापुढे राहिली, कारण आनंद पटवर्धन यांनी तेव्हापासून चौदा वर्षे चित्रीकरण केले आणि त्या फिती जपल्या, त्यातून 'जय भीम कॉम्रेड' उभा राहिला. आज प्रत्येक वस्तीत कॅमेरा असलेला मोबाइल आहे. पण त्यावर टिपलेले चौदा वर्षांनी कुणाला दाखवता येईल?

"गुगलवर आहे की!"

हा विषय काढला की काही ठरलेली उत्तरे येतात. त्यांचा समाचार घेणे भाग आहे.

पहिले उत्तर, "सगळे गुगल ड्राइव्हवर आहे." चांगले आहे, पण ती एक प्रत झाली. संगणकातले फोल्डर ड्राइव्हशी जोडलेले असेल तर इथे फाइल उडवली की तिथेही उडते. याला सिंक म्हणतात, बॅकअप म्हणत नाहीत. शिवाय फुकट जागा १५ जीबी, त्यात मेल आले, फोटो आले, व्हॉट्सॲपही आले. दोन वर्षे न वापरलेले खाते बंद करून त्यातला मजकूर पुसण्याचे गुगलचे धोरण आहे. गेलेल्या कार्यकर्त्याच्या खात्यातले काम असेच जाणार.

दुसरे, "व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले होते." नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि कागदावरची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. घटना कधी टिपली, कोणत्या फोनवर टिपली, ही माहितीही त्यातून गळून जाते. पुरावा म्हणून मूळ फोनमधली मूळ फाइल लागते. ती तशीच जपा. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तिसरे, "पैसे नाहीत." वर्षाच्या कामाला पुरेल एवढी बाहेरची हार्ड डिस्क जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेपेक्षा स्वस्त पडते. डीजेसाठी वर्गणी निघते आणि डिस्कसाठी निघत नाही, तर अडचण पैशाची नसून प्राधान्याची आहे.

तीन प्रती, दोन प्रकार, एक परगावी

जगभर यासाठी एक साधा नियम वापरतात. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती ठेवायच्या, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवायच्या, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी ठेवायची. एक प्रत कामाच्या संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी ऑनलाइन किंवा दुसऱ्या गावातल्या विश्वासू सहकाऱ्याच्या घरी. संगणक आणि हार्ड डिस्क एकाच कपाटात ठेवली तर पूर, आग आणि चोर दोन्ही एकदम घेऊन जातील. कोल्हापूर-सांगलीच्या लोकांना २०१९ च्या पुरानंतर हे वेगळे सांगायला नको.

काही बारकावे सांगणे गरजेचे आहे.

बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. असे व्हायरस संगणकाला जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतात. जोडून ठेवलेली डिस्क म्हणजे दाराला लावून ठेवलेली किल्ली.

पेनड्राइव्ह नेण्या-आणण्यासाठी आहे, साठवणीसाठी नाही. वीस वर्षांपूर्वी सीडीवर उतरवलेले कार्यक्रम आजच हार्ड डिस्कवर घ्या, सीडीचा थर उडतो आणि सीडी वाचणारे यंत्रही आता मिळेनासे झाले आहे.

जुने मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणा. आपल्या कितीतरी स्मरणिका, पुस्तिका आणि ठराव श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये, पेजमेकरवर केलेले आहेत. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल शाबूत आणि मजकूर गायब! त्यामुळे युनिकोड प्रत करा आणि जोडीला पीडीएफ ठेवा.

नावे नीट द्या. "नवीन फाइल १", "फायनल", "फायनल २" अशा नावांनी दहा वर्षांनी काहीही सापडणार नाही. वर्ष, गाव, विषय या क्रमाने नाव द्यायची सवय लावा.

आणि बॅकअप उघडून पाहा. तीन महिन्यांतून एकदा त्यातल्या चार-पाच फाइली दुसऱ्या संगणकावर उघडायच्या. जी प्रत कधी उघडून पाहिलीच नाही, तिच्यावर खटला सोडू नका.

यंत्राची निगा

संगणकाची निगा म्हणजे फार मोठे शास्त्र नाही. आपल्या गावात वीज जाते-येते, दाब कमी-जास्त होतो, म्हणून डेस्कटॉपला यूपीएस आणि घराला नीट अर्थिंग हवे. पावसाळ्यात वीज कडाडू लागली की प्लग काढा, इंटरनेटची तारही काढा. लॅपटॉप गादीवर ठेवून चालवू नका, हवा कोंडते आणि आतला भाग तापतो. वर्षातून एकदा धूळ साफ करून घ्या. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, फाइली उघडायला वेळ लागू लागला, तर पहिले काम दुरुस्ती नाही. आधी प्रत काढा.

दुरुस्तीला देतानाही सावध राहा. आमच्या माहितीतल्या एका विहार समितीचा संगणक "स्लो चालतो" म्हणून दुकानात गेला. दुकानदाराने न विचारता फॉरमॅट मारून, चकाचक करून परत दिला. समितीची सोळा वर्षांची विवाह नोंद त्यात होती. दुकानदाराच्या दृष्टीने त्याने काम चोख केले होते. दुकानात जाण्यापूर्वी प्रत काढा, आणि "डेटा पुसायचा नाही" हे पावतीवर लिहून घ्या.

अपडेट आले की करून घ्या. वॉनाक्राय ज्या भगदाडातून शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिले होते. ज्यांनी घेतले ते वाचले. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. जुन्या यंत्रावर विंडोज ११ चालत नसेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाका, ते फुकट आहे, कायदेशीर आहे आणि त्यावर मराठी उत्तम चालते. चोरीचे विंडोज आणि ते "ॲक्टिव्हेट" करणारे क्रॅक वापरणे थांबवा. त्या क्रॅकसोबत आणखी काय आत येते ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

कुलूप कशासाठी

इथे विषय गंभीर होतो. भीमा कोरेगाव प्रकरणात २०१८ साली जप्त झालेल्या रोना विल्सन यांच्या लॅपटॉपच्या प्रतीची तपासणी अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने बचाव पक्षाच्या विनंतीवरून केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल बाहेर आला. त्या अहवालानुसार, जून २०१६ मध्ये आलेल्या एका मेलमधली फाइल उघडल्यामुळे नेटवायर नावाचा हेर प्रोग्रॅम आत शिरला, बावीस महिने कुणीतरी तो लॅपटॉप बाहेरून हाताळत होते आणि आरोपाचा आधार ठरलेली पत्रे त्यात पेरली गेली. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबाबतही संस्थेने पुढे असाच निष्कर्ष काढला. तपास यंत्रणेला हे मान्य नाही, निर्णय न्यायालयाचा आहे. पण कार्यकर्त्याने घ्यायचा धडा निकालाची वाट पाहत नाही. ओळखीच्या माणसाच्या नावाने आलेली फाइलसुद्धा त्याला फोन करून विचारल्याशिवाय उघडायची नाही.

दुसरे, कायदा माहीत करून घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात हॅश व्हॅल्यू नमूद करावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. आत एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे. यंत्र जप्त होत असेल तर हॅशची नोंद पंचनाम्यात मागा, चित्रीकरणाचा आग्रह धरा, वकिलामार्फत प्रत मागा. आणि तुमच्या बॅकअपवर जुनी तारीख असलेली खरी प्रत असेल, तर "हे आमचे नाही" म्हणताना हातात काहीतरी असेल.

तिसरे, पीडितांचा विश्वास. आपल्या संगणकात अत्याचारग्रस्त महिलांचे जबाब असतात, साक्षीदारांचे पत्ते असतात. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. असे फोल्डर पासवर्डने कुलूपबंद करा, बॅकअपची डिस्कही कुलूपबंद करा, त्यासाठी व्हेराक्रिप्टसारखी फुकट साधने आहेत. मेलला दुहेरी पडताळणी लावा. "जयभीम१२३" आणि "१४एप्रिल" हे पासवर्ड आजच बदला, ते आपल्या विरोधकांनाही पाठ आहेत.

पासवर्ड कुणाच्या हातात

शेवटी मूळ दुखण्यावर येऊ. आपल्या संघटनांमध्ये दप्तर ही सत्ता आहे. ज्याच्याकडे याद्या, फोटो आणि लेटरहेडची फाइल, तो नेता. गट फुटला की लॅपटॉप एका बाजूला जातो आणि दुसऱ्या बाजूला शून्यापासून सुरुवात करावी लागते. माहिती दुसऱ्याला न देणे ही आपल्याला चांगली ओळखीची व्यवस्था आहे. ज्ञान एका हातात कोंडून ठेवायचे आणि इतरांनी त्याच्या दारात उभे राहायचे, याच व्यवस्थेविरुद्ध आपली चळवळ उभी राहिली. तीच रीत आपल्या कार्यालयात चालत असेल तर भिंतीवरच्या तसबिरीला हार घालून काय उपयोग?

आणखी एक निरीक्षण. टायपिंग, स्कॅनिंग, याद्या तयार करणे ही कामे बहुतेक ठिकाणी मुली आणि महिला कार्यकर्त्या करतात. पासवर्ड मात्र अध्यक्षांकडे. जी ताई रात्री बसून दोनशे अर्ज भरते, तिला त्या अर्जांची प्रत ठेवण्याचा अधिकार नसतो. हे बदलायला हवे. प्रत्येक संघटनेने ठराव करून किमान दोन दप्तरदार नेमावेत, त्यातली एक महिला असावी. पासवर्ड बंद पाकिटात तिसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे असावेत. पद गेले की दप्तर पुढच्याकडे सोपवायचे, सह्या घेऊन. संघटना फुटलीच, तर प्रत दोन्हीकडे राहील आणि निदान लोकांचे अर्ज फुटणार नाहीत.

मग सुरुवात कधी? आपल्याकडे दिनदर्शिका तयार आहे. दर पौर्णिमेला विहारात वंदनेला माणसे जमतात. वंदना झाली की अर्धा तास दप्तराला द्या. दोघांनी मिळून महिन्याचे काम डिस्कवर घ्यायचे, वहीत तारीख टाकून सही करायची, डिस्क काढून दुसऱ्या घरी पाठवायची. आषाढ पौर्णिमेला, वर्षावास सुरू होताना, म्हणजे ऐन पावसाळ्यात, जुन्या प्रती उघडून तपासायच्या. वर्षाला बारा वेळा अर्धा तास, म्हणजे सगळे मिळून सहा तास.

येत्या पौर्णिमेला तुमच्या विहारात एवढाच प्रश्न विचारा : आपल्या दप्तराची दुसरी प्रत कुठे आहे? कुणी उत्तर दिले नाही, तर त्याच बैठकीत दोन नावे ठरवा आणि डिस्कसाठी पावती पुस्तक फिरवा.

जय भीम! नमो बुद्धाय!